दात किडायच्या आधी: पहिलं स्वतःचं तोंड ओळखा, व्हिटॅमिनची बाटली नंतर उघडा

माझ्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा मी पहिलं काय केलं तर व्हिटॅमिन सीच्या चघळायच्या गोळ्या आणल्या. कुठेतरी वाचलं होतं की सी कमी पडलं की हिरड्यांतून रक्त येतं, बस, तेवढ्यावर निदान झालं. गोळ्या संत्र्याच्या चवीच्या, मस्त आंबटगोड, काम करता करता दुपारी एक गालात धरायची आणि हळूहळू विरघळू द्यायची, ती पण नेहमी उजवीकडे कारण डावीकडे एक जुनं फिलिंग होतं त्याला जपायचं होतं. चार-पाच महिने हा उद्योग चालला. रक्त काही थांबलं नाही, उलट उजवीकडच्या दाढा आंबायला लागल्या, गार पाणी लागलं की कळ थेट कानापर्यंत. शेवटी डेंटिस्टकडे गेलो तर त्यांनी छोटा आरसा धरून दाखवलं, खालच्या दोन दाढांची गालाकडची बाजू गुळगुळीत, चकचकीत आणि जराशी पिवळट, डावीकडच्या दाढा मात्र ठीकठाक. "इथे रोज काय ठेवता हो तुम्ही?" एवढाच प्रश्न. व्हिटॅमिन सी म्हणजे ॲस्कॉर्बिक ॲसिड, आणि मी रोज अर्धा तास दाढेला ॲसिडचा लेप देत होतो. रक्त येत होतं ते हिरडीच्या कडेला साचलेल्या जिवाणूंच्या थरामुळे, व्हिटॅमिन कमी नव्हतंच मुळी.

म्हणून हे लिहितोय, ज्यांनी या विषयात अजून काहीच केलेलं नाही त्यांच्यासाठी. मी डॉक्टर नाही, पण त्यानंतर बरंच वाचलं, विचारलं, स्वतःवर करून पाहिलं. दोन माणसांची तोंडं सारखी नसतात, एकाला आयुष्यभर कीड लागत नाही पण चाळिशीत दात हलतात, दुसऱ्याच्या हिरड्या टणक पण दर वर्षी एक फिलिंग. दोघांना एकच सल्ला देऊन कसं चालेल? आणि व्हिटॅमिनचा नंबर या सगळ्यात मधेच कुठेतरी येतो, पहिला तर नक्कीच येत नाही.

आधी थोडं आतलं, नाहीतर पुढचं सगळं पाठांतर होईल

दाताचं वरचं कवच म्हणजे इनॅमल. शरीरातली सगळ्यात कडक वस्तू, वजनाने साधारण ९६ टक्के खनिज. पण एक गोची आहे, ते बनवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंतच असतात, नंतर संपतात. हाड मोडलं तर जुळतं, कातडी कापली तर भरून येते, इनॅमलचा तुकडा गेला की गेला. त्यामुळे 'ही गोळी खा, दाताचं भोक आपोआप बुजेल' असं कोणी सांगत असेल तर तिथेच हात जोडा.

मग रोज काय होतं, तर तोंडातले जिवाणू साखर खातात आणि ॲसिड सोडतात. तोंडाचा पीएच (आंबटपणा मोजायचा आकडा, जितका खाली तितकं जास्त आंबट) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधून कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळून बाहेर यायला लागतं. गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच पीएच पडतो आणि लाळ त्याला परत वर आणते, त्याला अर्धा ते एक तास लागतो. लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट असतंच, ती गेलेलं खनिज परत भरते. दिवसभर हे देणं-घेणं चालू असतं, आणि रोज घेण्यापेक्षा देणं जास्त झालं की आधी खडूसारखा पांढरा डाग दिसतो आणि मग खड्डा पडतो. पांढऱ्या डागापर्यंत गाडी मागे फिरते. खड्डा पडल्यावर फिरत नाही.

मुळाचा भाग, म्हणजे हिरडी खाली सरकल्यावर जो उघडा पडतो तो, त्याच्यावर इनॅमल नसतं आणि तो याहून सौम्य ॲसिडलाही विरघळतो. वय झालेल्यांना दाढेच्या बुंध्याशी कीड का लागते त्याचं उत्तर हे.

पायरी १: चार दिवस वही घ्या

ब्रश बदलू नका, पेस्ट बदलू नका, काही विकत आणू नका. फक्त चार दिवस, त्यात एक सुट्टीचा दिवस धरून, पाणी सोडून तोंडात जे जे गेलं ते वेळेसकट लिहा. जेवण, बिस्किट, चहा, गोळी, कफ सिरप, च्युइंगम, सगळं. किती खाल्लं ते महत्त्वाचं नाही, किती वेळा आणि किती वेळ ते महत्त्वाचं.

माझ्या वहीतला एक दिवस असा होता: ७:१० साखरेचा चहा, ८:३० नाश्ता, १० वाजता कॉफीचा मोठा मग जो मी ११:२० पर्यंत घोट घोट पीत बसलो, १:३० जेवण, ३ वाजता ती गोळी, ४:१५ चहा आणि दोन बिस्किटं, ६ वाजता लिंबूपाणी, ९ वाजता जेवण, १०:४० ला 'सहजच' एक चॉकलेट. मला वाटत होतं मी गोड फारसं खात नाही! आणि खरंच ग्रॅममध्ये फार नव्हतं. पण नऊ वेळा पीएच पाडला, त्यातला कॉफीचा मग एकटाच तासाभराहून जास्त, म्हणजे लाळेला बिचारीला उसंतच नाही.

हा वेळांचा मुद्दा कळला कसा त्याची गोष्ट फार वाईट आहे. १९४० च्या दशकात स्वीडनमध्ये व्हिपेहोल्म नावाच्या संस्थेत मतिमंद रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफी खायला देऊन त्यांचे दात किडवले गेले, त्यांना विचारण्याचा प्रश्नच नव्हता. आज असा प्रयोग कोणी करू शकणार नाही आणि करूही नये. पण त्यातून निघालेलं सत्य तसंच उभं आहे, जेवणाबरोबर खाल्लेल्या साखरेने कीड थोडी वाढली आणि जेवणांच्या मधे खाल्लेल्या चिकट गोडाने प्रचंड वाढली.

तर वही भरल्यावर जेवणं सोडून मधल्या वेळा मोजा. एक-दोन असतील तर ठीक, पाच-सहा असतील तर तुमचं पहिलं औषध तिथेच आहे. गोड पूर्ण सोडायची गरज नाही, ते जेवणाला चिकटवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घातलेल्या साखरेची मर्यादा दिवसाच्या एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांखाली आणि जमल्यास ५ टक्क्यांखाली ठेवायला सांगितलंय, ५ टक्के म्हणजे मोठ्या माणसाला साधारण २५ ग्रॅम, सहा चमचे. मध, फळांचा रस हे पण त्यातच धरतात, 'नैसर्गिक आहे' म्हणून सूट नाही.

पायरी २: तुमचा धोका कुठल्या बाजूचा आहे

त्याच वहीत पुढच्या पानावर हे लिहा, खरं खरं लिहा, कोणी बघत नाहीये.

मागच्या तीन वर्षांत नवीन कीड, नवीन फिलिंग किंवा रूट कॅनल झालं का? पुढे काय होईल याचा सगळ्यात चांगला अंदाज मागे काय झालं यावरूनच येतो, महागड्या टेस्टपेक्षा जास्त.

तोंड कोरडं पडतं का? रात्री पाण्याची बाटली उशाशी लागते का, कोरडं बिस्किट पाण्याशिवाय गिळता येत नाही का? दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते आणि झोपेत जवळजवळ बंद होते. ॲलर्जीच्या गोळ्या, डिप्रेशनची औषधं, ब्लडप्रेशरची काही औषधं, यांनी लाळ कमी होते. ज्या माणसाला पन्नाशीपर्यंत एक फिलिंग नव्हतं त्याच्या एकदम चार दाढा का किडल्या याचं उत्तर बऱ्याचदा औषधांच्या यादीत सापडतं. स्वतःहून औषध बंद मात्र करू नका, ती यादी डेंटिस्टला दाखवा.

ब्रश करताना रक्त येतं का? सिगारेट ओढणाऱ्यांसाठी इथे एक फसवणूक आहे, निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात म्हणून हिरडी आतून बिघडलेली असली तरी रक्त कमी येतं, माणूस म्हणतो माझ्या हिरड्या झकास.

डायबिटीस आहे का? हे दोन्ही बाजूंनी चालतं, साखर वाढलेली असेल तर हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्या सुजलेल्या असतील तर साखर आटोक्यात यायला त्रास होतो.

ॲसिडिटी वर येते का, वारंवार उलट्या होतात का? पोटातलं ॲसिड तोंडातल्या कुठल्याही जिवाणूच्या ॲसिडपेक्षा तिखट असतं आणि ते वरच्या दातांची टाळूकडची बाजू खातं, जी तुम्हाला आरशात दिसत नाही.

तारा लावल्यात का, कवळी आहे का, दम्याचा पंप घेता का (घेत असाल तर प्रत्येक वेळी नंतर चूळ भरा), आईवडिलांचे दात लवकर हलले होते का.

आता उत्तरं बघून ढोबळ विभागणी करा: कीडवाले, हिरडीवाले, झिजणारे (म्हणजे ॲसिडने दात झिजणारे). बरेच जण दोन गटांत असतात. मी हिरडीवाला, आणि गोळ्यांच्या कृपेने झिजणारा झालो.

पायरी ३: डेंटिस्टकडे दुखायच्या आधी जा, आणि आकडे मागा

आपण काय करतो, दाढ ठणकली की जातो, तेव्हा बोलणं फक्त ठणक्याचंच होतं. ठणका नसताना वही घेऊन जा. आणि दोन गोष्टी मागून घ्या.

एक, हिरड्यांचं माप. एक बारीक सळई असते, तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा, ती दात आणि हिरडी यांच्या फटीत हलकेच घालून खोली मोजतात. डॉक्टर बोलतात आणि असिस्टंट लिहितात, "तीन दोन तीन, दोन दोन तीन, चार तीन पाच, रक्त." खुर्चीत आडवं पडून ते आकडे ऐकणं म्हणजे बारावीचा रिझल्ट. १ ते ३ म्हणजे ठीक, ४ म्हणजे लक्ष द्या, ५ आणि पुढे म्हणजे तिथे ब्रश पोचतच नाही, आतून साफ करावं लागेल. माझा ५ वरच्या डाव्या शेवटच्या दाढेमागे होता. हे आकडे घरी न्या, फोटो काढून ठेवा. याच्यापुढे 'तुमच्यासाठी खास' काय करायचं ते या कागदावरून ठरतं.

दोन, दोन दाढांच्या मधली कीड. ती डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी दाताने चावून धरायचा छोटा एक्सरे असतो. प्रत्येकाला दर वेळी लागतो असं नाही, कीडवाल्या गटाला लवकर लवकर, बाकीच्यांना उशिरा, म्हणून 'मला का काढायचा' हे विचारायला लाजू नका.

हाडं ठिसूळ होण्यावरचं औषध किंवा रक्त पातळ करायचं औषध चालू असेल तर ते खुर्चीत बसायच्या आधी सांगा, दात काढायची वेळ आली तर फार फरक पडतो.

पायरी ४: घरचं काम, तुमच्या गटाप्रमाणे

सगळ्यांना लागू एवढंच: दिवसातून दोनदा, दोन मिनिटं, मऊ ब्रश, त्यातलं एक रात्री झोपायच्या आधीचं चुकवायचं नाही कारण रात्री लाळ नसते. ब्रश हिरडीच्या कडेला साधारण ४५ अंशात तिरका धरून बारीक बारीक हलवायचा, फरशी घासल्यासारखं आडवं रेटायचं नाही. पेस्टच्या मागच्या बाजूला फ्लोराइड किती आहे बघा, १००० ते १५०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) पाहिजे. आणि ब्रश झाल्यावर थुंका पण भसाभस चुळा भरू नका, नाहीतर लावलेलं फ्लोराइड सगळं बेसिनमध्ये. ही सवय मोडायला मला दोन आठवडे लागले, तोंडात फेस ठेवून झोपतोय असं वाटायचं, आता काही वाटत नाही.

फ्लोराइडबद्दल भीती असते लोकांना. ती अगदीच हवेतली नाहीये, पिण्याच्या पाण्यात ते फार असेल तर लहानपणी बनणाऱ्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग पडतात आणि खूपच असेल तर हाडांवरही परिणाम होतो, जागतिक आरोग्य संघटनेची पाण्यासाठीची मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम आहे. तुमच्याकडचं पाणी बोअरचं असेल तर तपासून घ्या. पण थुंकून टाकायच्या पेस्टमधलं फ्लोराइड ही वेगळी गोष्ट, ते दाताच्या पृष्ठभागावर बसतं आणि तिथे जे खनिज परत तयार होतं ते ॲसिडला जास्त दाद देत नाही.

कीडवाल्यांनी डेंटिस्टला फ्लोराइड वार्निशबद्दल विचारावं, दातांवर ब्रशने रंगवतात, दोन मिनिटांचं काम. जास्त धोका असेल तर जास्त ताकदीची पेस्टही लिहून देतात. जेवणानंतर साखर नसलेलं, झायलिटॉलचं (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) च्युइंगम चघळलं की लाळ सुटते (घरात कुत्रा असेल तर ते पाकीट उंचावर ठेवा, कुत्र्यांना झायलिटॉल विषारी असतं, खरंच).

हिरडीवाल्यांचं खरं हत्यार म्हणजे दातांच्या फटीत घालायचा छोटा ब्रश. बाटली धुवायच्या ब्रशचं पिल्लूच ते. आणि इथे बघा, 'पर्सनलाइज्ड' हा शब्द मोठमोठ्या किटवर लिहिलेला असतो, पण सगळ्यात उपयोगाचं पर्सनलायझेशन म्हणजे कुठल्या फटीत कुठल्या साइजचा ब्रश जातो ते. माझ्या पुढच्या दातांत काहीच जात नाही, तिथे दोरा, मधल्या दाढांत सगळ्यात बारीक, आणि मागच्या दाढांत दोन साइज मोठा. डेंटिस्टकडे बसून एकदाच ठरवून घ्या, तार न वाकता जरासा अडत अडत गेला पाहिजे, सैल सुटला तर साफ होत नाही. पहिले आठ-दहा दिवस रक्त जास्त येईल, घाबरून थांबू नका, रक्त येतं म्हणून त्या जागेला हात न लावणं हीच मोठी चूक. दोन आठवड्यांनंतरही तेवढंच येत असेल तर परत दाखवा.

झिजणाऱ्यांनी आंबट खाल्ल्या-प्यायल्यावर किंवा उलटी झाल्यावर लगेच ब्रश करायचा नाही, आधी पाण्याने चूळ आणि अर्धा-पाऊण तास थांबायचं. कोळशाची पावडर, खरखरीत दंतमंजनं बंद. आंबट पेय प्यायचंच असेल तर पटकन पिऊन टाका, तोंडात घोळवत बसू नका.

क्लोरहेक्सिडिनचा (जंतू मारणारा) माउथवॉश डॉक्टरांनी जितके दिवस सांगितला तितकेच दिवस. कायमचा ठेवला की दात तपकिरी होतात आणि चव जाते.

पायरी ५: आता व्हिटॅमिन

इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण गोंधळ सगळा इथेच आहे.

दोन काळ वेगळे करा. एक दात बनण्याचा काळ, पोटात असल्यापासून साधारण सात-आठ वर्षांपर्यंत (अक्कलदाढा सोडून), तेव्हा व्हिटॅमिन कमी पडलं तर इनॅमलच कच्चं बनतं आणि ते कच्चंच राहतं. दुसरा नंतरचा सगळा काळ, तेव्हा व्हिटॅमिन दाताच्या कवचासाठी जवळपास काही करत नाही पण हिरडी, हाड, लाळेच्या ग्रंथी, जीभ, गालाची आतली कातडी या सगळ्या जिवंत गोष्टी त्याच्यावरच जगतात.

डी: आतड्यातून कॅल्शियम आत घ्यायला हे लागतं, नुसतं कॅल्शियम ढकलून उपयोग नाही. मे मेलनबी या बाईंनी शंभर वर्षांपूर्वी कुत्र्याच्या पिल्लांवर काम करून दाखवलं की डी कमी मिळालेल्या पिल्लांचे दात वेडेवाकडे आणि कच्च्या कवचाचे येतात. मुलांमध्येही डीची मोठी कमतरता आणि इनॅमलवरचे खड्डे यांचा संबंध ओळखीचा आहे. मोठ्यांत ते जबड्याच्या हाडासाठी महत्त्वाचं, आणि दात शेवटी हाडातच रोवलेला असतो. अमेरिकन शिफारस १ ते ७० वर्षांसाठी रोज ६०० आययू (व्हिटॅमिन मोजायचं एकक, पाकिटावर IU लिहिलेलं असतं), त्यानंतर ८००, आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय मोठ्यांनी ४००० च्या वर जायचं नाही. अन्नातून फार थोडं मिळतं, तेलकट मासे, अंड्याचा पिवळा बलक, डी घातलेलं दूध, बाकी ऊन. चरबीत विरघळतं म्हणून गोळी जेवणाबरोबर. आणि प्लीज, आठवड्यातून एकदा घ्यायची मोठ्या डोसची गोळी रोज घेत बसू नका, गैरसमजातून असं होतं आणि रक्तातलं कॅल्शियम धोक्याच्या वर जातं.

सी: हिरडी दाताला धरून ठेवते ती कोलॅजन नावाच्या प्रोटीनच्या दोऱ्यांनी, आणि ते दोरे नीट वळायला सी लागतं. ते अजिबात न मिळाल्यावर काय होतं ते जहाजांवरच्या खलाशांनी भोगलंय, हिरड्या सुजून काळ्यानिळ्या, दात हलून पडायचे, स्कर्व्ही म्हणतात त्याला. १७४७ मध्ये जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने १२ आजारी खलाशी घेतले, दोन-दोनच्या जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला, कोणाला व्हिनेगर, कोणाला समुद्राचं पाणी (काय नशीब!), आणि एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू. फळं सहा दिवसांत संपली पण तोवर त्या दोघांतला एक कामाला लागण्याइतका बरा झाला होता.

पण लक्षात घ्या, ते महिनोन्‌महिने ताजं काही न खाल्लेले लोक होते. मोठ्या माणसाला रोज ७५ ते ९० मिलिग्रॅम पुरतं, सिगारेट ओढणाऱ्याला ३५ जास्त, आणि एका मध्यम संत्र्यात साधारण ७० मिलिग्रॅम असतं, पेरूत त्याच्या कितीतरी पट. म्हणजे रोज एक फळ आणि थोडी कच्ची भाजी खाणाऱ्याला गोळीची गरज नाही. शिजवताना सी बरंच जातं म्हणून 'कच्ची' म्हटलं. आजच्या जमान्यात हिरडीतून येणारं रक्त हे बहुतेक वेळा साचलेल्या थराचंच असतं. गोळी घ्यायचीच असेल तर गिळायची, चघळायची नाही. मला विचारा.

बी गट: वारंवार तोंड येतं का? जीभ लालबुंद, गुळगुळीत, तिखट जराही सहन होत नाही, ओठांचे कोपरे फाटतात? तेव्हा बी १२, फोलेट, बी २ आणि त्यांच्याबरोबर लोह, हे तपासण्यासारखं असतं. बी १२ फक्त प्राणिजन्य पदार्थांतूनच मिळतं, दूध-दही घेणाऱ्यांना थोडं मिळतं, पूर्ण वीगन असाल तर गोळी किंवा बी १२ घातलेलं अन्न घ्यावंच लागतं. डायबिटीसची मेटफॉर्मिन आणि वर्षानुवर्षं चाललेली ॲसिडिटीची गोळी, दोन्हींनी बी १२ कमी होतं. फक्त फोलिक ॲसिडच (गोळीतलं फोलेट) खात राहिलं तर रक्ताचा रिपोर्ट सुधारलेला दिसतो आणि बी १२ ची कमतरता आत नसांचं नुकसान करत राहते, म्हणून आधी टेस्ट. आणि तोंडातली एखादी जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही तर व्हिटॅमिनचा खेळ बंद, थेट डॉक्टर.

ए: लाळेच्या ग्रंथी आणि तोंडाच्या आतल्या अस्तरासाठी. गाजर, रताळी, पालेभाज्या, अंडी यांतून मिळून जातं. गोळीतून जास्त घेतलं तर मात्र साचतं, आणि गरोदर बाईने रेटिनॉलच्या (व्हिटॅमिन एचंच एक रूप) गोळ्या स्वतःच्या मनाने घेणं बाळासाठी धोक्याचं आहे.

के: के २ बद्दल सध्या फार गाजावाजा आहे, हाडांतल्या प्रोटीनशी त्याचा संबंध आहे हे खरं, पण त्याने कीड थांबते असं छातीठोक म्हणण्याइतका पुरावा नाही. रक्त पातळ करायची वॉरफरिन घेणाऱ्यांनी याच्या वाटेला डॉक्टरांना न विचारता जाऊच नये.

कॅल्शियम, फॉस्फरस, प्रोटीन हे व्हिटॅमिन नाहीत पण त्यांच्याशिवाय वरचं सगळं कोरडं. मोठ्यांना रोज साधारण १००० मिलिग्रॅम कॅल्शियम. जेवणाच्या शेवटी चीजचा तुकडा किंवा साधं दूध घेतलं तर लाळेला मदत होते, हा एक आवडण्यासारखा सल्ला.

पायरी ६: गोळी की ताट

आधी वहीत परत जा, चार दिवसांत फळ किती वेळा, पालेभाजी किती वेळा, दूध-अंडी-डाळी किती, ऊन किती. जिथे पूर्ण शून्य दिसतंय तिथे कमतरतेची शक्यता, मग फॅमिली डॉक्टरकडे जाऊन तेवढीच टेस्ट. डीसाठी २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, बी १२, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), आणि डायबिटीसचा संशय असेल तर एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर). रिपोर्टमध्ये कमी आलं तर डॉक्टर डोस आणि मुदत दोन्ही सांगतील, तेवढं करून परत तपासायचं. सगळं नॉर्मल आलं तर गोळ्यांचे पैसे फटीतल्या ब्रशवर घाला.

आणि गमीज! व्हिटॅमिनच्या गमीज म्हणजे चिकट, गोड, बऱ्याचदा आंबट पण, दाढेच्या खाचेत अर्धा तास बसणाऱ्या. मुलांच्या दातांसाठी डी द्यायचं आणि ते टॉफीच्या रूपात द्यायचं, काय म्हणावं. थेंब मिळतात, ते घ्या.

घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर

पहिला दात दिसला की ब्रश सुरू, तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वाटाण्याएवढी. दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवायचं नाही. सातआठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्यांनीच करून द्यायचा, मुलाच्या हाताला ते वळणच नसतं. सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात मागे एक दाढ येते, कुठलाही दात न पडता, गुपचूप, म्हणून आईवडिलांना वाटतं दुधाचीच आहे, पडेल. ती कायमची असते! तिच्या खाचा खोल असतात, त्या सीलंटने (खाचांवर लावायचा पातळ थर) बुजवून घेता येतात, ती वर आल्या आल्या डेंटिस्टला दाखवा.

गरोदरपणी 'बाळ आईच्या दातांतलं कॅल्शियम ओढून घेतं' हे खरं नाही. हार्मोन्समुळे हिरड्या सुजतात, उलट्यांमुळे ॲसिड लागतं, सारखं थोडं थोडं खाणं होतं, त्याने दात बिघडतात. उलटीनंतर पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घालून चूळ भरायची. दातांची सफाई या काळात चालते, फक्त गरोदर आहे हे सांगायचं.

परत कधी जायचं

'दर सहा महिन्यांनी' हे सगळ्यांच्या तोंडात बसलंय, पण ब्रिटनमधली नाईस ही संस्था मोठ्या माणसांसाठी ३ महिन्यांपासून २४ महिन्यांपर्यंत, धोका बघून, असं सांगते आणि १८ च्या आतल्यांसाठी जास्तीत जास्त १२ महिने. तुमचा गट, तुमचे आकडे, त्यावरून डेंटिस्टबरोबर बसून तारीख ठरवा. मला तीन महिन्यांनी बोलावलं होतं. गेलो तेव्हा चघळायच्या गोळ्या बंद, कॉफी दहा मिनिटांत संपवायची सवय लागलेली, रात्री फटींतला ब्रश, आठवड्यातून एखादी रात्र चुकलेली. सळई घेऊन मोजणी सुरू झाली, वरच्या डाव्या शेवटच्या दाढेपाशी आले तेव्हा मी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. "तीन तीन चार." रक्त हा शब्द आला नाही. उजवीकडच्या दाढांची झीज आहे तशीच आहे, ती आता तशीच राहणार, गार पाणी अजून डावीकडूनच पितो.